कान कोण पिळणार?

पत्राचा सारांश

वाचक मैत्रीण २८ वर्षांची. दक्षिण महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी वाढली, आता पुण्यात नोकरी करते. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक, आई घर सांभाळते. धाकटा भाऊ २५ वर्षांचा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. घरात, गल्लीत सगळे त्याला 'बाळ' म्हणतात. जवळच्या विशेष शाळेच्या कार्यशाळेत तो रोज जातो, पणत्या रंगवतो, उटण्याची पाकिटं भरतो.

मैत्रिणीचं लग्न ठरत आलंय आणि मुलगा तिला मनापासून आवडलाय. बायोडेटात 'भाऊ : एक' एवढंच लिहिलं होतं. बघायच्या कार्यक्रमाच्या दिवशी भावाला मावशीकडे पाठवलं होतं. साखरपुडा पुढच्या महिन्यात आहे आणि मुलाकडच्यांना अजून काही माहीत नाही. आई म्हणते, 'एकदा अक्षता पडू देत, मग सांगू.' लग्नात कानपिळीला चुलतभाऊ उभा राहील, हे काकूने परस्पर ठरवून टाकलंय. वडिलांच्या मनात राहतं घरही त्याच चुलतभावाच्या नावावर करायचं आहे, म्हणजे पुढे तो बाळला बघेल.

मैत्रीण लिहिते, 'खरं सांगितलं तर लग्न मोडेल, आईबाबांना गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. नाही सांगितलं तर भावाला दुसऱ्यांदा नाकारल्यासारखं होईल.' पहिल्यांदा नाकारलं ते नववीत. एसटी स्टँडवर भाऊ धावत येऊन बिलगला, मैत्रिणींनी विचारलं, 'हा कोण गं?' ही म्हणाली, 'आमच्या शेजारचा.' पत्राच्या शेवटी तिने विचारलंय, 'मी काय करू? आणि मला लग्न करायचा हक्क तरी आहे का?'

उत्तर

तुला 'तू'च म्हणते. माझी भाची तुझ्याच वयाची आहे.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकते. आहे. हक्क आहे. त्यावर आणखी एक ओळही खर्च करत नाही.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेतली. 'समजूतदार' हा शब्द त्यात नऊ वेळा आलाय. पहिलीत असताना आईने तुला मांडीवरून उतरवून बाळला घेतलं, तेव्हा आजी म्हणाली, 'आमची ताई समजूतदार आहे हो.' दहावीत ९१ टक्के पडले त्या दिवशी बाळला ताप होता, सगळे दवाखान्यात होते. पेढे तू एकटीने आणलेस, शेजारी वाटलेस, रिकामा खोका फडताळावर ठेवलास. बाबा रात्री आले आणि म्हणाले, 'तू समजूतदार आहेस म्हणून निभावतंय.' हे सगळं तू कौतुक म्हणून लिहिलंयस. मला मात्र त्या खोक्याने अडवलं. आपल्याकडे अशा घरातल्या दुसऱ्या मुलाला लहानपणीच एक पदवी मिळते आणि मग ती आयुष्यभर सांभाळावी लागते. समजूतदार मुलीने हट्ट करायचा नाही, चिडायचं नाही. आता तीच मुलगी होणाऱ्या नवऱ्यासमोर गप्प बसते, कारण गप्प बसणं म्हणजेच समजूत, हे तिच्या अंगात मुरलंय.

आईकडे वळते. 'अक्षता पडू देत' म्हणणाऱ्या आईचा राग येणं सोपं आहे. मलाही पहिल्या वाचनात आला. पण तूच एका ओळीत लिहून पुढे गेली आहेस की आजी शेवटपर्यंत आईला ऐकवत होती, 'पोटुशी असताना ग्रहण पाळलं नाहीस, भाजी चिरत बसलीस.' ही ओळ एवढ्यात सोडण्यासारखी नाही. २५ वर्षं एक बाई आपल्या विळीकडे बघत जगली आहे. त्यात मागच्या जन्मीचं पाप आहे, कुलदेवतेचा राहिलेला नवस आहे, बाळंतिणीच्या खोलीत कुणीतरी उच्चारलेला 'मंगोल' हा डाऊन सिंड्रोमसाठीचा जुना शब्द आहे. (जागतिक आरोग्य संघटनेने तो १९६५ मध्येच टाकून दिला, आपल्याकडे तो नंतरही कित्येक वर्षं दवाखान्यांतून ऐकू यायचा.) अशा बाईला लपवणं म्हणजे खोटेपणा वाटतच नाही. तिला वाटतं, आपल्यावर जे दगड पडले ते निदान लेकीवर पडू नयेत. तिची वाट चुकलीय, पण ती निघाली होती तुला वाचवायलाच. आईशी बोलायला बसशील तेव्हा एवढं डोक्यात असू दे.

आणि तिला एकदा, शक्यतो बाबांसमोर, सरळ सांग की ग्रहणाचा आणि विळीचा याच्याशी काडीचा संबंध नाही. आपल्या पेशीत गुणसूत्रांच्या जोड्या असतात. डाऊन सिंड्रोममध्ये २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन असतं. १०० पैकी सुमारे ९५ जणांत हे बीजपेशी तयार होताना, बहुतेक वेळा गर्भ राहण्याआधीच, निव्वळ योगायोगाने घडलेलं असतं. ते कुणाच्या घराण्यातून येत नाही आणि बहिणीच्या पोटी उतरत नाही. उरलेल्यांपैकी काहींमध्ये २१ व्या गुणसूत्राचा तुकडा दुसऱ्याला चिकटलेला असतो, आणि तो प्रकार मात्र कधीकधी आईकडून किंवा वडिलांकडून आलेला असू शकतो. बाळचा प्रकार कोणता, ते रक्ताच्या एका तपासणीत कळतं. तिला कॅरिओटाइप म्हणतात. त्याच्या लहानपणीच्या फायलीत बघ, बहुधा केलेली असेल. नसेल तर आता करून घ्या. साधी ट्रायसोमी, म्हणजे तीन गुणसूत्रांचा पहिला प्रकार, निघाली तर तुझ्या मुलांना असलेला धोका इतर कुठल्याही बाईइतकाच. दुसरा प्रकार निघाला तर तुझीही तपासणी करून जनुकतज्ज्ञांना विचारायचं. 'तुमच्या रक्तातच असेल तर?' हा प्रश्न मुलाकडून येणार, हे धरून चाल. त्या वेळी तोंडी शपथांपेक्षा हातातला रिपोर्ट बरा.

आता साखरपुड्याचं.

लग्नानंतर सांगायचं हा पर्याय मी बाजूला ठेवते. नीतीची गोष्ट नंतर, व्यवहारातच ते टिकत नाही. तालुक्याच्या गावात २५ वर्षांचा मुलगा लपत नाही. हळद लागण्याआधी कुणीतरी 'सहज' फोन करेल. आणि समजा लपलंच, तर लग्नानंतरच्या पहिल्या भांडणात 'तुम्ही लोकांनी आम्हाला फसवलं' हे वाक्य बाहेर पडेल आणि जन्मभर त्या घरात राहील. मध्यस्थाकरवी कळवणं हा दुसरा मार्ग. बाबांना तो सोयीचा वाटेल. पण मध्यस्थ काय सांगेल? 'मुलीचा भाऊ जरा तसाच आहे, पण काळजी नको, मुलीवर जबाबदारी पडणार नाही.' भाऊ 'तसाच' झाला आणि तुझ्या वतीने एक वचनही दिलं गेलं, जे तू दिलेलंच नाहीस.

म्हणून तू सांग. त्या मुलाला, समोर बसून, याच आठवड्यात. त्याच्या आईवडिलांच्या आधी त्याला. सांगताना पडेल चेहऱ्याने 'एक अडचण आहे' अशी सुरुवात करू नकोस. साधं बोल. 'मला २५ वर्षांचा भाऊ आहे. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. तो रोज कामाला जातो, क्रिकेट बघतो, चहात बिस्किट तुटून पडलं की दहा मिनिटं रुसतो. तू आलास त्या दिवशी तो घरी नव्हता, कारण आम्ही त्याला मुद्दाम पाठवलं होतं. ते चुकलं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं, त्याबद्दल माफी मागते.' माफी कशाची, ते बघ. लपवल्याची. भाऊ असल्याची नाही.

एक गोष्ट मात्र त्याच्याकडून मागू नकोस. 'माझ्या भावाला सांभाळशील ना?' असं डोळ्यांत पाणी आणून विचारायचं, त्यानेही भरल्या गळ्याने 'हो' म्हणायचं, याला काही अर्थ नाही. ज्याने बाळला पाहिलंही नाही त्याच्या 'हो'ची किंमत काय? त्याच्यापुढे तुझं ठेव. 'महिन्यातून एकदा मी गावी जाते, पुढेही जाईन. माझ्या पगारातली अमुक रक्कम भावाची. आईबाबांनंतर त्याच्याबद्दलचे निर्णय माझे असतील. तो आपल्याकडे राहील की आणखी कुठे, हे आज मलाही ठाऊक नाही.' एवढं ऐकून त्याला आठवडा दे. मग त्याला गावी बोलव, चहाला. बाळ घरात असताना.

मोडू शकतं. खोटा धीर देत नाही. स्थळं याहून किरकोळ कारणांनी मोडतात. पण मला मोडण्यापेक्षा जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटते. मुलाकडचे 'आमची हरकत नाही' म्हणतील आणि मग हळूच बैठकीत हॉल त्यांच्या पसंतीचा, मानपान दुप्पट, सोन्याचा आकडा वाढलेला. 'आम्ही एवढं समजून घेतलं, तुम्ही एवढं तरी करा.' असं झालं तर ती संमती राहत नाही, तो दर ठरतो. आणि तो एकदा देऊन भागत नाही. अशा वेळी उठून यायचं. बाबा उठणार नाहीत, त्यांची हयात 'मुलीची बाजू' म्हणून मान खाली घालण्यात गेली. तुला उठावं लागेल.

तू लिहिलंयस, 'पूर्वी एकत्र कुटुंबात असं माणूस सहज सामावून जायचं, आता माणसांना वेळ नाही.' हे वाक्य मला वर्षानुवर्षं पत्रांतून भेटतं. माझ्या आजोळी असे एक मामा होते. चौसोपी वाडा, चौदा माणसं. मामा पाणी भरायचे, गिरणीतून दळण आणायचे, सत्यनारायणाला चौरंगाला केळीचे खांब बांधायचे ते त्यांनीच. गावात कुणी त्यांना हसलं तर माझे आजोबा काठी घेऊन जायचे. सामावलेले होते, खोटं नाही. बारा वर्षांची असताना मी आजीला विचारलं, 'मामांना खायला काय आवडतं?' आजी जरा थांबली आणि म्हणाली, 'देऊ ते खातो बाई.' इतक्या वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. आणि त्यांचं अंथरूण रोज धुवायची ती धाकटी मामी, जिचा त्यांच्याशी रक्ताचा संबंधही नव्हता. 'सहज सामावून जायचं' या वाक्यातला 'सहज' तिच्या हातांनी घडायचा. वाड्याने सगळंच वाईट केलं असं माझं म्हणणं नाही. मामा एकटे कधीच नव्हते. आज थ्री बीएचकेतल्या एखाद्या खोलीत मोबाइल हातात देऊन बसवलेला मुलगा बघते तेव्हा मला वाडा आठवतो. पण परत जायला तो वाडा काही स्वर्ग नव्हता.

या आठवणीतून तुझ्यापुरतं काढायचं ते असं. तुझ्या सात पानी पत्रात आई काय म्हणते, बाबा काय म्हणतात, काकू, मावशी, गेलेली आजी काय म्हणायची, सगळं आहे. बाळ काय म्हणतो, ते कुठेच नाही. ताईचं लग्न ठरतंय, हे त्याला कुणी सांगितलंय का? मावशीकडे पाठवताना काय सांगून पाठवलं? तो २५ वर्षांचा पुरुष आहे. स्वतःची दाढी करतो, असं तूच लिहिलंयस. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तू येतेस हे ओळखून फाटकाशी उभा राहतो. ज्याला दुसरा शनिवार कळतो त्याला लग्न कळतं. त्याला मुलाचा फोटो दाखव, नाव सांग, दिनदर्शिकेवर साखरपुड्याची तारीख त्याच्याच हाताने रंगवून घे. एकदा सांगून होणार नाही, रोज सांग. आणि जमलं तर त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला लाग. सुरुवातीला घरात सगळे हसतील, कदाचित तोही. 'बाळ' म्हणण्यात माया आहे, मान्य. पण बाळाला कुणी मत विचारत नाही, आणि बाळाच्या नावावर कुणी घरही ठेवत नाही.

घरावरून आठवलं. इथे मी जरा कडक बोलणार आहे.

तुझा चुलतभाऊ भला असेल. तो वाईट आहे असं मानायला पत्रात काही नाही. पण बाबा आज बक्षीसपत्र करून त्याला घर देणार आणि तो पुढे तीस वर्षं बाळला बघणार, हा सौदा कागदावर एकाच बाजूने पक्का होतो. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र सहजासहजी फिरत नाही. सांभाळण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळलं नाही, तर ती परत मिळवायची सोय २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्यात आहे. पण ती देणाऱ्या ज्येष्ठाच्या स्वतःच्या सांभाळासाठी. बाबांना ती लागू पडेल, बाबा गेल्यावर बाळला नाही. आणि तीस वर्षं मी उगाच म्हटलं नाही. जिथे वैद्यकीय काळजी नीट मिळते तिथे डाऊन सिंड्रोम असलेली माणसं आता साधारण साठीपर्यंत जगतात. वयाच्या चाळिशी-पन्नाशीत त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना स्मृतिभ्रंशाचा त्रास सुरू होतो. थायरॉइड तर आतापासूनच दरवर्षी तपासायला हवा. ज्याला घर द्यायचं तो तेव्हाही त्याच घरात असेल का, त्याची बायको माझ्या मामीसारखी गप्प राहील का, हे आज कुणी सांगू शकत नाही.

बाबांना बहुधा वाटत असेल की बाळच्या नावावर काही राहूच शकत नाही. राहतं. हिंदू वारसा कायद्याच्या २८ व्या कलमात स्पष्ट आहे की कुठलाही आजार किंवा व्यंग आहे म्हणून वारसाहक्क जात नाही. बाबांनी काहीच केलं नाही तर त्यांच्या स्वकष्टार्जित घरात आई, तू आणि तो, तिघांचा सारखा हिस्सा. पण 'काहीच केलं नाही' ही वेळ येऊ देऊ नका. वकील गाठा आणि बाळच्या हयातभर निवारा आणि खर्च पक्का राहील असं मृत्युपत्र किंवा छोटा खासगी न्यास (ट्रस्ट) करून घ्या. विश्वस्त एकटा माणूस नको, दोन-तीन असावेत. त्यात तू, हवा तर चुलतभाऊ, आणि एक बाहेरचं माणूस.

दुसरी गोष्ट अनेक घरांत ठाऊक नसते. मूल १८ वर्षांचं झालं की आईवडीलसुद्धा कायद्याच्या दृष्टीने आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या प्रौढांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांची स्थानिक स्तर समिती पालक नेमते. आईवडील अर्ज करू शकतात आणि नातेवाईकही. लग्न झालेली बहीण त्यातून वगळलेली नाही. पालकाला नेमणुकीनंतर सहा महिन्यांत मालमत्तेची यादी द्यावी लागते, दरवर्षी हिशेब द्यावा लागतो आणि हेळसांड झाली तर समिती त्याला काढू शकते. चुलतभावाला खरंच बाळला बघायचं असेल तर तो या वाटेने येऊ दे. हिशेब द्यायला तयार असलेल्या माणसावर माझा विश्वास लवकर बसतो.

बाबांच्या पेन्शनचंही बघ. त्यांच्यानंतर आईला आणि आईनंतर स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग मुलाला हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळायची तरतूद आहे. त्यासाठी त्याचं नाव आणि दिव्यांगत्वाचा दाखला बाबांच्या हयातीतच नोंदलेला असला की पुढचे हेलपाटे वाचतात. बाबा मास्तर आहेत, कागदांचं काम ते चोख करतील. कुणीतरी हातात यादी द्यायला हवी. त्या यादीत यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), त्याच्या नावाचं बँक खातं आणि राष्ट्रीय न्यासाचा निरामय आरोग्य विमा हेही घाल. निरामयमध्ये वर्षाला एक लाखापर्यंत खर्च मिळतो आणि ओपीडी, थेरपी यांचाही त्यात समावेश आहे.

हे सगळं वाचून तुला वाटेल, म्हणजे अखेर माझ्यावरच आलं. थांब. सही करणं, हिशेब ठेवणं, निर्णय घेणं ही एक गोष्ट. रोज त्याला अंघोळीला पाठवणं ही दुसरी. आपल्याकडे बहिणीला दोनच भूमिका मिळतात. एकतर उंबरा ओलांडून 'सुटलीस बाई', नाहीतर लग्न न करता दुसरी आई होऊन बसायचं आणि गावाने 'देवमाणूस' म्हणायचं. मधे केवढी तरी जागा आहे. पुण्याजवळ मारुंजीला नवक्षितिज आहे, बदलापूरला पालकांनीच उभी केलेली आधार ही संस्था आहे. प्रौढ मुलं तिथे आयुष्यभरासाठी राहतात. 'टाकून दिलं' हा शब्द आईच्या ओठांवर येईल. तिला विचार, इंजिनिअरिंगला गेलेल्या मुलाला होस्टेलवर ठेवतात त्याला कुणी टाकून दिलं म्हणतं का? मी 'तिथे ठेवाच' म्हणत नाही. मी असंही बघितलंय की गावातल्या ओळखीच्या गल्लीत, रोजच्या कार्यशाळेत आणि वर कामाला एक मावशी ठेवून माणूस जास्त खूश असतो. मी म्हणते, आईबाबा धडधाकट असताना जाऊन बघा. बाळला बरोबर न्या. चार दिवस राहून येण्याची सोय असेल तर राहू द्या. आई गेल्यावर तेराव्याला निर्णय घ्यायचा आणि त्याच आठवड्यात त्याला परक्या खोलीत नेऊन सोडायचं, असं मी दोन घरांत पाहिलंय. दोन्ही घरं शहाण्यांची होती.

जाण्याआधी स्वतःसाठी एक काम कर. कागदाच्या एका बाजूला लिही, भावासाठी मी काय करीन. दुसऱ्या बाजूला, काय करणार नाही. दुसरी बाजू कोरी सोडायची नाही. माझा अंदाज आहे की तुला ती लिहायला दोन दिवस लागतील. 'नोकरी सोडणार नाही' एवढंच लिहिलंस तरी चालेल.

नववीतल्या त्या दुपारबद्दल. 'शेजारचा' म्हणालीस, घरी आलीस, मग? तू लिहिलं नाहीस. बाळ घरी येऊन काही बोलला का? मला वाटतं, नाही. त्याने तो स्टँड, त्या मुली, तो शब्द यांतलं काय लक्षात ठेवलंय, तुला माहीत नाही, मलाही नाही. चौदाव्या वर्षी मुली आईच्या जुन्या साडीलाही लाजतात, बापाच्या सायकललाही लाजतात. तुला लाज वाटली ते मला समजतं. मला खटकलं ते एवढंच की चौदा वर्षांत हे तू आज पहिल्यांदा कुणाला सांगते आहेस, तेही नाव न घालता एका सदराला. विशेष शाळांमध्ये पालकांच्या बैठका होतात, भावंडांना कुणी बोलवत नाही. पुढच्या वेळी गावी जाशील तेव्हा कार्यशाळेतल्या बाईंना विचार, इथल्या मुलांच्या बहिणी, भाऊ कुठे कुठे असतात. पाचजणींचे नंबर मिळाले तरी पुष्कळ. त्यांच्याशी बोललीस की कळेल, जवळपास प्रत्येकीचं एखादं एसटी स्टँड असतं.

भाऊबीजेचंही एक राहिलं. आई आयत्या वेळी बाळच्या मुठीत नोट कोंबते आणि तो ती तुझ्या ताटात टाकतो, असं लिहिलंयस. कार्यशाळेतून त्याला महिन्याला मिळणारे तीनशे रुपये आई डब्यात ठेवते, असंही लिहिलंयस. या वर्षी तो डबा त्याच्या पुढ्यात ठेवा. काय घालायचं ते तो ठरवेल. दहा घालेल किंवा सगळे घालेल. परत देऊ नकोस.

आणि कानपिळी. हे लग्न झालं तर कान बाळच पिळणार, काकूला आजच सांगून टाक. लाजाहोमाच्या वेळी तुझ्या ओंजळीत लाह्या घालायला भावालाच बोलावतात, तेही त्याचंच काम. भटजींना आधी भेटून सांग की थोडा वेळ लागेल, घाई करू नका. मांडवात गर्दी, लाउडस्पीकर, धूर, यांनी तो बावरेल, म्हणून आदल्या दिवशी त्याला रिकाम्या हॉलवर फिरवून आण. आठ दिवस आधीपासून घरी रंगीत तालीम घे. बाबांना पाटावर बसवायचं, उजवा कान पकडायचा, हळू पिळायचा आणि सोडायचा. 'सोडायचा' हे जास्त वेळा शिकव. असं काम मनापासून करणारी माणसं मी पाहिली आहेत, आहेर हातात पडेपर्यंत कान सुटत नाही.